अस्सल, नक्कल आणि रंगाची खोली

१

जुन्या पोथ्या व कागदपत्रें यांच्या प्रतिमा संगणकांत उतरवून ठेवण्याचा परिपाठ आतां संशोधन-संस्थांपासून खासगी संग्राहकांपर्यंत सर्वत्र पडला आहे. अस्सल कागद वारंवार हाताळला न जातां अभ्यासकांस वाचतां यावा, आणि त्या कागदास उद्यां कांहीं अपाय झाला तरी मजकूर टिकावा, असे या खटाटोपाचे दोन हेतु आहेत. पहिला हेतु बहुधा साधतो. दुसरा साधेल कीं नाहीं, हें मात्र प्रतिमा घेतांना केलेल्या एका लहानशा निवडीवर अवलंबून असतें. आणि ती निवड पुष्कळदां संग्राहक स्वतः न करितां यंत्र चालविणारा माणूस करितो. ही निवड म्हणजे रंगाची खोली. संगणकाचे जाणकार तीस ‘कलर डेप्थ’ म्हणतात. हा विषय आपल्या त्रैमासिकाच्या नित्याच्या विषयांहून वेगळा वाटेल. परंतु त्याच्या अज्ञानानें आमच्या घरच्या एका पोथीचा शक कायमचा नाहींसा झाला, म्हणून तो येथें मांडण्याचें धाडस करीत आहों.

आमचें राहणें बदलापुराजवळ सोनिवली येथें. घरीं एका रुमालांत विष्णुसहस्रनामाची अठरा पत्रांची एक पोथी व चोवीस मोडी कागद होते. इ. स. २००३ मध्यें आम्ही तो रुमाल शहरांतील एका दुकानीं नेला व सर्वांच्या प्रतिमा काढवून घेतल्या. दुकानदारानें विचारलें, “काळें-पांढरें करूं, कीं रंगीत?” काळ्या-पांढऱ्यास पैसे कमी पडत होते, शिवाय सर्व काम एका तबकडींत मावत होतें. मजकूर काळ्या शाईचा, मग रंग कशाला, असा विचार करून आम्ही काळें-पांढरें सांगितलें. पुढें २६ जुलै २००५ चा पाऊस आला. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेंत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, आणि इकडे उल्हास नदीचें पाणी बदलापुरांत शिरलें. आमचा रुमाल फडताळाच्या खालच्या कप्प्यांत होता. पाणी ओसरल्यावर हातीं लागला तो लगदा.

तबकडी सुखरूप होती, म्हणून आम्ही समाधान मानिलें. पुढें कांहीं महिन्यांनीं पोथीच्या शेवटल्या पत्राची प्रतिमा उघडली, तेव्हां समाप्तीच्या ओळीच्या जागीं आडवा काळा पट्टा दिसला. त्या ओळीवर लेखकानें गेरू फिरविला होता, हें आम्हांस आठवत होतें. पोथी हातांत असतांना गेरूखालचीं अक्षरें स्वच्छ वाचतां येत. परंतु घरचीच पोथी, केव्हांहि पाहूं, या भरंवशावर लेखकाचें नांव व शक आम्ही कधीं टिपून ठेवला नव्हता. त्या पट्ट्याखालीं दोन्हीहि होतीं. आतां तीं कोणासहि वाचतां येणार नाहींत.

२

असें कां झालें, हें समजण्यास प्रतिमेची घडण पाहिली पाहिजे. संगणकांतील प्रतिमा ही बारीक चित्रबिंदूंची जाळी असते. प्रत्येक बिंदूस एक आंकडा दिलेला असतो, व तो आंकडा त्या बिंदूचा रंग सांगतो. आंकडा लिहिण्यास किती घरें द्यावयाचीं, हीच रंगाची खोली. या घरांस ‘बिट’ म्हणतात, आणि एका घरांत शून्य किंवा एक एवढेंच मावतें. एक घर दिलें तर बिंदु काळा किंवा पांढरा. तिसरी गति नाहीं. आठ घरें दिलीं तर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या मिळतात. तांबडा, हिरवा व निळा या तीन मूळ प्रकाशवर्णांस प्रत्येकीं आठ, मिळून चोवीस घरें दिलीं, तर १,६७,७७,२१६ रंग दाखवितां येतात. प्रत्येक वर्णास सोळा घरें दिलीं, तर एकेका वर्णाच्या ६५,५३६ पायऱ्या होतात.

घरें वाढतात तशी जागाहि वाढते. दहा इंच रुंद व बारा इंच उंच असें पृष्ठ दर इंचास ४०० बिंदु या मानानें उतरविलें, तर १,९२,००,००० बिंदु होतात. एका बिटानें तें पृष्ठ २४ लक्ष बाइटांत मावतें. करड्या आठ बिटांस १ कोटि ९२ लक्ष, रंगीत चोविसांस ५ कोटि ७६ लक्ष, आणि अठ्ठेचाळिसांस ११ कोटि ५२ लक्ष बाइट लागतात. आमच्या रुमालाचीं साठ पृष्ठें या मानानें एका बिटांत १४ कोटि ४० लक्ष बाइटांचीं झालीं, म्हणजे ७०० मेगाबाइटांच्या तबकडीचा पांचवा हिस्साहि भरला नाहीं. तींच रंगीत उतरविलीं असतीं, तर पांच तबकड्या लागल्या असत्या. दुकानदाराचा हिशेब चुकला नव्हता. काय विचारावें, हें आम्हांस ठाऊक नव्हतें.

३

आतां गेरूची ओळ घेऊं. रंगीत बिंदूचा करडा बिंदु करितांना तांबड्याचे २९.९, हिरव्याचे ५८.७ व निळ्याचे ११.४ शतांश घेऊन बेरीज करण्याची रीत बहुप्रचलित आहे. जुन्या कागदाचा पिवळसर रंग तांबडा २२५, हिरवा २०५, निळा १६५ असा अजमासें धरला, तर बेरीज २०६ येते. काजळाच्या शाईची ३० धरूं. गेरू फिरविलेल्या कागदाचा रंग १७०, ८०, ६० असा धरला, तर बेरीज १०५ होते. एका बिटाची प्रतिमा करितांना यंत्र मध्यावर, म्हणजे १२८ वर, रेघ ओढतें. खालचें तें काळें, वरचें तें पांढरें. शाई ३० व गेरू १०५, दोन्ही रेघेच्या खालीं पडले, म्हणून अक्षर व त्याची पार्श्वभूमि एकच झाली. करड्या आठ बिटांत ३० व १०५ यांमधील अंतर शाबूत राहिलें असतें, आणि आमचा शक वांचला असता.

हरताळाची गति याच्या उलट होते. चुकलेल्या अक्षरावर लेखक हरताळाचा लेप देत असे. ‘हरताळ फासणें’ हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. त्याचा रंग २२५, १९०, ७० असा धरला, तर बेरीज १८७ येते, म्हणजे रेघेच्या वर. एका बिटाच्या प्रतिमेंत हरताळ कागदाइतकाच पांढरा होतो, व येथें लेखक चुकला होता, त्यानें दुरुस्ती केली होती, ही खूण पुसली जाते. पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्यास ही खूण किती मोलाची असते, हें वाचकांस सांगणें नलगे.

म्हणून करडी प्रतिमा घेतली म्हणजे भागलें, असेंहि नाहीं. हिंगुळानें लिहिलेल्या तांबड्या अक्षराचा रंग १९०, ५०, ४० धरला, तर त्याची करडी किंमत ९१ येते. उडालेल्या काळ्या शाईची किंमतहि तितकीच असूं शकते. करड्या प्रतिमेंत हीं दोन्ही अक्षरें सारखींच दिसतात. अमुक अक्षर लेखकानें मुद्दाम तांबडें काढलें, कीं काळें लिहिलेलें पुढें फिकटलें, हें सांगतां येत नाहीं. मोडी पत्रांत एका शाईनें लिहिलेला मजकूर व मागाहून दुसऱ्या शाईनें केलेली नोंद, अक्षरांवर पडलेला शिक्का, पाण्याचा डाग व शाईचा डाग, यांचा निवाडाहि बहुधा रंगावरूनच होतो. संस्कृतांत ‘वर्ण’ या एकाच शब्दाचे रंग व अक्षर असे दोन्ही अर्थ आहेत. आम्ही जन्मभर तो शब्द शिकविला. परंतु एक वर्ण टाकला असतां दुसराहि हातचा जातो, हें आम्हांस त्या काळ्या पट्ट्यानें शिकविलें.

येथें आणखी दोन फसव्या गोष्टींची सूचना देणें अवश्य आहे. पहिली अशी कीं, ‘२५६ रंग’ असें म्हटलें म्हणजे २५६ करड्या पायऱ्या, असें समजूं नये. इ. स. १९८७ मध्यें निघालेल्या ‘गिफ’ जातीच्या प्रतिमेंत एका वेळीं २५६ रंगांचीच यादी बाळगतां येते, आणि यादींत नसलेला रंग जवळच्या रंगांत ढकलला जातो. गेरू, हिंगूळ व तपकिरी डाग अशा वेळीं एकाच घरांत जाऊन बसतात. दुसरी गोष्ट ‘डिदर’ नांवाच्या युक्तीची. पायऱ्या कमी असतां दोन रंगांचे ठिपके शेजारीं शेजारीं विखरून तिसऱ्या रंगाचा भास उत्पन्न करितात; फ्लॉइड व स्टाइनबर्ग यांनीं १९७६ मध्यें प्रसिद्ध केलेली रीत यांपैकीं विशेष प्रसिद्ध आहे. डोळ्यांस ती सुखकर वाटते, परंतु देवनागरींत एका ठिपक्यानें अनुस्वार होतो. एका बिटाच्या प्रतिमेंत असे विखुरलेले ठिपके शिरोरेषेवर पडले, तर ‘तें’ व ‘ते’ यांचा निर्णय कोणीं करावा? वाचनासाठीं ठेवावयाच्या प्रतिमेंत ही युक्ति बंद असावी.

४

येथवर कागदाचा विचार झाला. शिलालेखाच्या बाबतींत रंगाच्या खोलीचें महत्त्व निराळ्या रीतीनें प्रत्ययास येतें, आणि त्याचें उदाहरण आमच्या शेजारींच आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरांतील उत्तर द्वारावरील शिलाहारकालीन लेखाचा शक डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं ७८२ असा वाचला होता. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा वाचला, व तोच मान्य झाला. दोघेहि आपल्या काळचे अग्रगण्य लेखवाचक. एका झिजलेल्या अंकामुळें त्यांच्या वाचनांत दोनशें वर्षांचें अंतर पडलें. तो अंक वाचण्याचें साधन त्या काळीं डोळे, हात व कागदावर घेतलेला ठसा एवढेंच होतें.

आतां आणखी एक साधन उपलब्ध आहे. दगडाचीं अनेक बाजूंनीं छायाचित्रें घेऊन संगणक त्याच्या पृष्ठभागाची उंचसखल आकृति तयार करितो. मग त्या आकृतीवर वाटेल त्या दिशेनें कल्पित दिवा धरून चित्र काढवितां येतें. सायंकाळचें तिरपें ऊन जशीं झिजलेलीं अक्षरें उठवून दाखवितें, तसेंच हें. मात्र येथें ऊन आपल्या आज्ञेंत असतें. या गणित करून चित्र काढण्यास ‘रेंडरिंग’ म्हणतात. चित्र गणितानें निघत असल्यामुळें प्रत्येक बिंदूचा प्रकाश आधीं सूक्ष्म दशांशांत मोजलेला असतो. चित्र फाइलींत लिहावयाची वेळ आली म्हणजे ते दशांश जवळच्या पायरीवर बसवितात. ती पायरी किती बारीक असावी, हें आपण ठरवावयाचें असतें.

आमच्या अंगणांतील तुळशीवृंदावनाच्या दगडावर शक कोरला आहे. वर्षानुवर्षें पाणी व तेल पडून तो झिजला, आणि १७८१ कीं १७८९, हा वाद घरांत जुनाच होता. आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें त्याची आकृति तयार करून दिली, व ‘ब्लेंडर’ नांवाच्या विनामूल्य मिळणाऱ्या कार्यक्रमांत तिच्यावर डावीकडून तिरपा दिवा धरून चित्र काढलें. पहिलें चित्र आठ बिटांचें होतें. झिजलेला भाग सावलींत असल्यामुळें त्याच्या किंमती २० पासून ३५ पर्यंत, म्हणजे अवघ्या सोळा पायऱ्यांत मावल्या. अंक दिसावा म्हणून तेवढाच भाग ताणून उजळ केला, तेव्हां सोळा पायऱ्या २५६ वर पसरल्या व प्रत्येक दोहोंमध्यें सुमारें सतरांची उडी पडली. चित्रावर समोच्च रेषांसारखे पट्टे उमटले. त्यांतील एक पट्टा शेवटच्या अंकाच्या डोक्याशीं असा वळला होता कीं, त्यास पाहून आम्ही सर्वांनीं ९ वाचला.

विद्यार्थ्यास शंका आली. त्यानें तेंच चित्र, त्याच दिव्यानें, सोळा बिटांत पुनः काढलें. आतां त्याच भागास सुमारें ३,८५० पायऱ्या मिळाल्या. तितकेंच ताणलें तरी पट्टे उमटले नाहींत, आणि अंकाच्या डोक्याशीं दिसलेलें वळणहि नाहींसें झालें. उरला तो १. फाइलीच्या पायरीनें कोरलेली रेघ आम्ही पाथरवटाची समजलों होतों. घरगुती शकाच्या आठ वर्षांनीं कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु अशाच चित्रावरून एखाद्या दानलेखाचा काल कोणी ठरविला असता तर?

५

ब्लेंडरमध्यें ही खोली कोठें ठरते, तें थोडक्यांत सांगतों. अशा इतर कार्यक्रमांतहि मांडणी थोड्या फरकानें अशीच असते. ‘आउटपुट’ या सदराखालीं फाइलीची जात निवडावयाची असते. १९९६ मध्यें निघालेली ‘पीएनजी’ ही जात निवडली, तर ‘कलर डेप्थ’ या ओळींत ८ व १६ असे दोन पर्याय दिसतात. कार्यक्रम आपण होऊन ८ धरतो. १६ आपणांस सांगावा लागतो. ‘जेपेग’ निवडल्यास ही ओळ दिसतच नाहीं, कारण नित्याच्या जेपेगमध्यें प्रत्येक वर्णास आठांहून अधिक बिट नसतात. शिवाय ती जात जागा वांचविण्यासाठीं बारीक तपशील टाकून देते. ‘ओपनईएक्सआर’ ही चलच्चित्रवाल्यांची जात २००३ पासून सर्वांस खुली आहे. तींत १६ किंवा ३२ बिटांचे दशांश आंकडे लिहितां येतात. डोळ्यांस चित्र बरें दिसावें म्हणून कार्यक्रम उजळ-गडद भागांत कांहीं फेरफार करितो. पीएनजींत तो फेरफार चित्रांत मुरतो. ओपनईएक्सआरमध्यें मूळ हिशेब बहुधा जसाच्या तसा राहतो. लेखवाचनासाठीं म्हणून ही जात जपून ठेवावी व पाहण्यासाठीं तिच्यापासून पीएनजी काढावी.

एक भ्रम मात्र टाळला पाहिजे. आठ बिटांत लिहिलेलें चित्र पुढें सोळा बिटांच्या फाइलींत घातलें, म्हणून त्यांत खोली येत नाहीं. शेरभर पाणी रांजणांत ओतलें तरी तें शेरभरच राहतें. गाळलेल्या पायऱ्या परत मिळविण्याचा मार्ग एकच: मूळ कागदाकडे किंवा मूळ आकृतीकडे परत जाणें. आकृति जपली असेल तर चित्र पुनः काढतां येतें, म्हणून वृंदावनाच्या अंकाची चूक सुधारतां आली. पोथीचें मूळ गेलें, म्हणून तिची चूक सुधारतां आली नाहीं.

६

या अनुभवावरून संग्राहकांनीं पाळण्याजोगे नियम आम्हांस असे दिसतात :

(अ) प्रत्येक पत्राची एक मूळ प्रतिमा रंगीत, निदान चोवीस बिटांची, व साधल्यास अठ्ठेचाळीस बिटांची, ‘टिफ’ किंवा पीएनजी जातींत घ्यावी. हीस हात लावूं नये.

(आ) काळी-पांढरी प्रत, करडी प्रत, पाठविण्यास सोयीची लहान जेपेग, यांपैकीं जें हवें तें या मूळ प्रतिमेपासून काढावें. खोलापासून उथळ करितां येतें. उथळापासून खोल करितां येत नाहीं.

(इ) काम दुकानांत किंवा संस्थेंत करविल्यास रंगाची खोली व फाइलीची जात आधीं लेखी ठरवावी, आणि पहिल्या पांच प्रतिमा अस्सलाशेजारीं ठेवून ताडून पाहाव्या. विशेषतः गेरू, हरताळ, हिंगूळ व शिक्के जेथें असतील, तीं पत्रें आधीं तपासावीं.

(ई) आकृतीवरून काढलेल्या चित्रांत एखादी रेघ प्रथमच दिसली, तर तेंच चित्र दिवा फिरवून व अधिक खोलींत पुनः काढावें. दोन्हीं वेळां रेघ टिकली तरच वाचनांत घ्यावी, व वाचन प्रसिद्ध करितांना चित्र किती बिटांचें होतें, तेंहि नमूद करावें.

(उ) पुष्पिका, शक व लेखकाचें नांव हीं प्रतिमेवर न विसंबतां हातानें वहींत उतरून ठेवावीं. वहीस खोली लागत नाहीं.

जागेची सबब आतां उरलेली नाहीं. वर दिलेल्या मानाचीं चोवीस बिटांचीं सुमारें अकराशें पृष्ठें नखाएवढ्या ६४ गिगाबाइटांच्या कार्डांत राहतात. वेळेची सबब मात्र कोणीं सांगूं नये. २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदी पुनः पात्राबाहेर आली व महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पाण्यांत अडकून पडली, तेव्हां आमच्या या भागांतील आणखी कोणकोणाचे रुमाल भिजले असतील, याची गणती कोणीं केली नाहीं.

शेवटीं एक विनंति. आमच्या पोथीच्या सतरा पत्रांच्या प्रतिमा काळ्या-पांढऱ्या असल्या तरी अक्षरवळण दाखविण्यास पुरेशा आहेत. लेखकाचें अक्षर मोठें, ठेंगणें व उजवीकडे किंचित् झुकलेलें असून दंडाच्या शेवटीं त्यानें सर्वत्र लहान आंकडी काढली आहे. प्रत्येक ‘उवाच’ गेरूनें भरला होता, म्हणून प्रतिमेंत त्या ठिकाणीं काळे चौकोन आहेत. याच हाताची व समाप्तीची ओळ शाबूत असलेली दुसरी पोथी कोणा संग्राहकाच्या पाहण्यांत आल्यास त्यांनीं मंडळास कळवावें. आम्ही प्रतिमा ताडून पाहण्यास घेऊन येऊं.